वेस्ट हायकोर्ट रोडवर पाहुण्याला कसं फिरवायचं, नागपूरकरांसाठी कामाच्या गोष्टी

पुण्या-मुंबईचा पाहुणा घरी आला की आपलं ठरलेलं असते. सकाळी दीक्षाभूमी, दुपारी झोप, संध्याकाळी फुटाळा तलाव, येताना संत्रा बर्फीचे डबे आणि रात्री जेवायला धरमपेठ, तेही कारमधून. मग काय होते, लॉ कॉलेज चौकातून आत शिरायचं, पार्किंग शोधत शोधत शंकरनगरपर्यंत यायचं, परत वळायचं, शेवटी कुठल्यातरी गल्लीत कोणाच्या तरी गेटसमोर गाडी लावायची आणि समोर जे हॉटेल दिसेल त्यात घुसायचं कारण तोवर पोरं भुकेनं रडून राहिली असतात. पाहुणा गावी जाऊन सांगतो की नागपूरला चांगली हॉटेलं आहेत. अरे बाप्पा, हॉटेलं काय सगळीकडेच असतात, तो रस्ता त्याला दाखवलाच कुठे!

म्हणून पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी घरी ठेवा. हा रस्ता पायी करायचा आहे, हळू, थोडं थोडं खात, आणि पोटभर जेवण सगळ्यात शेवटी. बाकी जे खाली लिहून राहिलो ते सगळं ह्याच एका गोष्टीच्या भोवती आहे.

नकाशा डोक्यात बसवून घ्या. शंकरनगर चौकातून उत्तरेकडे निघालं की कॉफी हाउस चौक, मग लक्ष्मीभुवन चौक, आणि मग लॉ कॉलेज चौक, तिथे अमरावती रोड लागतो. दीड-दोन किलोमीटरच्या आतबाहेर आहे सगळं. एका अंगाला गोकुळपेठ, रामनगर, दुसऱ्या अंगाला धरमपेठ, खरे टाऊनच्या गल्ल्या. शंकरनगरच्या दक्षिणेलाही हाच रोड बजाजनगरकडे जातो पण पाहुण्याला फिरवायचं असेल तर उत्तरेचाच तुकडा धरा, तिकडे जीव जास्त आहे. आणि शंकरनगरहून लॉ कॉलेजकडे जा, उलटं नको, कारण मेट्रो शंकरनगरला आहे.

मेट्रोचं आपल्या लोकांना अजूनही सुचत नाही हे मला कळत नाही. ॲक्वा लाइन लोकमान्य नगर ते सीताबर्डी 28 जानेवारी 2020 ला सुरू झाली, पुढे प्रजापती नगरपर्यंत 11 डिसेंबर 2022 ला झाली, आणि शंकरनगर चौकाचं स्टेशन म्हणजे अक्षरशः ह्या रस्त्याच्या तोंडावर आहे. पाहुणा रेल्वेनं येत असेल तर नागपूर रेल्वे स्टेशनपासून हीच लाइन, गाडी बदलायची नाही, कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स आणि मग शंकरनगर. विमानानं आला तर ऑरेंज लाइननं सीताबर्डीला यायचं आणि तिथे बदलायचं. फक्त एक करा, उतरल्याबरोबर शेवटची मेट्रो किती वाजता ते स्टेशनवर विचारून ठेवा, कारण जेवण लांबलं की परतीला ऑटोच करावा लागते.

कारच आणायची असेल, घरात म्हातारी माणसं असतात, समजू शकतो, तर मेन रोडवर लावायच्या भानगडीत पडू नका. आतल्या गल्लीत लावा, बोर्ड वाचून लावा, नाहीतर टोइंगवाले उचलून नेतात. आणि संध्याकाळी झाडाखाली लावू नका. ऐकायला गंमत वाटते पण दिवस मावळताना ह्या भागातल्या मोठ्या झाडांवर साळुंक्यांचा असा कल्ला सुरू होतो की बोललेलं ऐकू येत नाही, आणि तासाभरानं खालच्या गाडीची काच बघण्यासारखी राहत नाही. दुपारी जी जागा सगळ्यात चांगली असते तीच संध्याकाळी सगळ्यात वाईट.

झाडांचं निघालं तर कोणत्या महिन्यात काय ते सांगून ठेवतो. मार्च-एप्रिलला कडुनिंब फुलतो, रात्री आठनंतर वाहनं जरा कमी झाली की गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचा वास येतो, तो वास पाहुण्याला थांबवून घ्यायला लावा. एप्रिल-मेमध्ये पेल्टोफोरम आणि गुलमोहर, पिवळा आणि लाल, नागपूरच्या उन्हाळ्यात बघण्यासारखं दुसरं काही नसते. पण त्या महिन्यांत सातच्या आधी घराबाहेर काढू नका कोणाला. 2013 च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा 47.9 पर्यंत गेला होता, आणि दिवसभर तापलेला सिमेंटचा रोड सूर्य गेल्यावरही पायाखालून वाफ सोडत राहतो. ह्या सिमेंटचाच एक राग आहे माझा. झाडाच्या बुंध्याला चिकटून सिमेंट ओततात, पाणी मुरायला वीतभर माती ठेवत नाहीत, मग पावसाळ्यात एक वादळ आलं की झाड आडवं होते आणि आपण वादळाला नावं ठेवतो. पावसाळ्यात म्हणूनच जोराचा वारा सुटला तर जुन्या झाडाखाली आडोशाला थांबू नका, दुकानात घुसा. आणि पाऊस रात्रभर कोसळत असेल तर प्लॅनच रद्द करा. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ह्याच बाजूच्या वस्त्यांमध्ये घराघरात पाणी शिरलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही.

सगळ्यात बढिया सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी असते, भूक लागते, सांबार स्वस्त असते. बाहेरच्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर सांबारवडी मागवल्यावर तो इडलीची वाट पाहत बसतो.

डिसेंबरमध्ये फक्त हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून घ्या. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी अडवतील नेम नाही, आणि इकडे मुंबईहून आलेल्या मंडळींनी हॉटेलं भरलेली असतात, रात्री नऊला टेबल भेटणं मुश्कील. दसऱ्याच्या आसपासही तसंच, दीक्षाभूमीकडची वाहतूक वळवलेली असते. पण त्या वेळी मी म्हणेन की वेस्ट हायकोर्ट रोड सोडाच, पाहुण्याला दीक्षाभूमीलाच न्या. लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगा ज्यानं पाहिल्या नाहीत त्यानं नागपूर पाहिलं असं मी मानत नाही.

आता कार्यक्रम. लोकं धरमपेठेला खाण्याचा एरिया समजतात, पण संध्याकाळ खरी रंगते ती आधी काहीतरी ऐकून-पाहून मग खायला निघालं तर. सकाळच्या मराठी पेपरात शहरातल्या आजच्या कार्यक्रमांचा कॉलम असतो, छोट्या अक्षरात, तो वाचा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पोस्टरवर विसंबू नका, त्यातले निम्मे मागच्या आठवड्याचे असतात. शंकरनगरलाच राष्ट्रभाषा संकुलात सभागृह आहे, साई सभागृहही तिकडेच, भाषणं, पुस्तक प्रकाशनं, गाण्याच्या छोट्या मैफिली होत असतात, बऱ्याच फुकट. मेट्रोनं दोन स्टेशन अलीकडे झाशी राणी चौकात उतरलं तर विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल. ही संस्था 1923 ची, म्हणजे शंभरी पार केलेली, आणि तिथल्या कार्यक्रमाला गेलात तर मागच्या रांगेत बसून नुसती येणारी माणसं बघण्यातही मजा आहे, झोळीवाले कवी, रिटायर्ड प्रोफेसर, एकमेकांशी वीस वर्षं न बोलणारे दोन समीक्षक. मोठं नाटक किंवा गाण्याचा मोठा कार्यक्रम असेल तर तो बहुतेक सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात असणार, तिथून ऑटोनं लॉ कॉलेज चौक जवळ आहे, मग तेव्हा उलटीकडून सुरुवात करा. सिव्हिल लाइन्समध्येच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे हस्तकलेचा मेळा लागला असेल तर अर्धी संध्याकाळ तिथेच जाते, धरून चला.

आणि हो, ज्या हायकोर्टाच्या नावानं हा रोड आहे ती इमारतही सिव्हिल लाइन्समध्येच. 1940 ला सुरू झाली, आर्किटेक्ट हेन्री मेड, दिल्लीतलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन ज्यानं बांधलं तोच. नागपूर तेव्हा सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. पाहुण्याला इमारतींची आवड असेल तर रविवारी सकाळी बाहेरून दाखवून आणा, रस्ते मोकळे असतात. आवड नसेल तर कशाला उगाच.

कार्यक्रम साधारण सहा-साडेसहाला लिहिलेला असतो आणि साधारण अर्ध्या तासानं सुरू होतो, सत्कार धरून पाऊण तास. म्हणून आधी चहा. शंकरनगर चौकाच्या आसपास चहाचे ठेले आहेत, कॉलेजची पोट्टी-पोट्टे गाड्यांवर बसलेले असतात, तिथे उभ्यानंच प्या. कॅफेत आत्ताच बसलात तर दीड तास जातो आणि पैसे जातात ते वेगळे. कॅफे मला आवडत नाहीत असं नाही, पण कॅफे सगळ्या शहरात सारखेच, तेच दिवे, तेच पास्ता, त्यासाठी पाहुण्याला नागपूरला कशाला आणलं.

मग चालायला लागा. शंकरनगरहून कॉफी हाउस चौकापर्यंत दुकानं, शोरूम, क्लासेसचे बोर्ड, इथे फार रेंगाळायचं काही नाही, बायकांना कपड्यांच्या दुकानात शिरायचं असेल तर मात्र आताच वेळ ठरवून द्या, नंतर भांडण नको. फूटपाथ एकसारखा नाही, मधेच ठेला, मधेच ट्रान्सफॉर्मर, मधेच कोणाची बुलेट. आई-बाबा सोबत असतील तर मेन रोडला समांतर आतल्या गल्लीतून चला, तिथे जुने बंगले अजून थोडे उरलेत, कंपाउंडमध्ये आंबा, जास्वंद, पारिजातक, आणि फाटकावर नावाची पाटी. दर वर्षी दोन-चार पाडून त्या जागी अपार्टमेंट होतात, तेव्हा दाखवायचे तर आताच दाखवा. लहान मुलं असतील तर कॉफी हाउस चौकाजवळच ट्रॅफिक पार्क आहे, छोटे रस्ते, सिग्नल, मुलांना वाहतुकीचे नियम कळावे म्हणून केलेला बगीचा. गंमत म्हणजे बाहेरच्या चौकात मोठे सिग्नल तोडत असतात आणि आत मुलं लाल दिव्याला थांबतात.

लक्ष्मीभुवन चौक आला की वेग कमी करा. हा ह्या रस्त्याचा नाका आहे. भारत क्रिकेट मॅच जिंकला की सगळं पश्चिम नागपूर इथे येऊन नाचते, झेंडे, ढोल, फटाके, म्हणून फायनलच्या दिवशी तुम्हाला नाचायचं असेल तरच इकडे या, जेवायचं असेल तर दुसरीकडे जा. रामनवमीलाही रामनगरच्या राममंदिराची शोभायात्रा ह्याच भागातून निघते, तेव्हा पायी या, कडेला उभे राहा, कोणीतरी हातात सरबत ठेवतेच.

इथून आत वळलं की गोकुळपेठ मार्केट. माझ्या मते सगळ्या फेरफटक्यात सगळ्यात बघण्यासारखं हेच, आणि लोकं हेच सोडून देतात. भाजीबाजार आहे, तर भाजी घेतल्यासारखं फिरा. हिवाळ्यात सांबाराच्या जुड्यांचे ढीग, हिरवा वाटाणा, वालाच्या शेंगा, तुरीच्या ओल्या शेंगा, पोळ्याच्या आधी लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी. संत्र्यांचं सांगतो, कारण पाहुण्याला पेटी द्यायची असते. आपल्याकडे बहार दोन, आंबिया ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो आणि मृग फेब्रुवारी-मार्चकडे. मृगाचं जास्त गोड लागते असं माझं मत, घरात ह्यावर वाद आहेत. घेताना नुसता रंग पाहू नका, हातात वजन लागलं पाहिजे, आणि साल थोडी सैल असली तरी चालते, आपल्या संत्र्याची साल तशीच सुटी असते. एक सोलून दाखव म्हणा. दाखवतो. नाही दाखवलं तर पुढच्या बंडीवर जा.

भाजीची पिशवी मात्र घेऊ नका, नाहीतर जेवताना मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसावं लागते. बघा, खा, परतीला घ्या.

आता खाणं. नियम एकच, एक प्लेट दोघात. ह्या टप्प्यावर कोणाचंही पोट भरता कामा नये. तर्री पोहे खरं तर सकाळचं खाणं, पण पाहुण्याची सकाळ उठण्यात जाते, म्हणून संध्याकाळी जिथे भेटतील तिथे खाऊन घ्या. चांगला पोहेवाला कसा ओळखायचा ते सांगतो. पोह्यांचं मोठं भांडं झाकलेलं असते आणि खालून मंद वाफ चालू असते, पोहा मोकळा पण ओलसर, कोरडा खडखडीत असेल तर तो सकाळपासूनचा आहे. बाजूला तर्रीचं गंज, म्हणजे पातेलं, त्यात चणे खाली बसलेले आणि वर लाल तेलाचा थर. आता त्याच्या पळीकडे बघा. नवशिका पळी सरळ बुडवतो आणि पाणीच पाणी वाढतो. जाणता माणूस पळी आधी तळाला नेतो, चणे उचलतो, आणि वर येताना त्याच हातानं पळी जराशी तिरपी करून कडेनं तर्रीचा लाल थर ओढून घेतो, एका झटक्यात, मग पोह्यांवर, मग कच्चा कांदा, शेव, सांबार, लिंबाची फोड. पाहुणा पुण्याचा असेल तर सांगायचं, "भाऊ, तर्री वेगळी देजा." तो हसतो, पण वेगळी देतो. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर पैसे घेत नाही बहुतेक ठिकाणी, पण तिसऱ्यांदा मागू नका, बरं नाही दिसत.

पोहे नसतील तर समोसा, त्याच्यावरही तर्रीच. आलूबोंडा, मूगवडे, आणि थंडीत सांबारवडी. सांबारवडी घेताना गरम आहे का एवढंच विचारू नका, पुन्हा तळलेली आहे का ते विचारा, पुन्हा तळलेलीचं बाहेरचं कवच कडक होते आणि आतला सांबार काळा पडलेला असतो. ताजीत हिरवा रंग टिकून असतो, खसखस, खोबरं दाताखाली लागते, आणि सोबत कढी असेल तर मग काही बोलायचंच नाही.

पाहुणा सावजी मागणारच. यूट्यूबवर पाहून आलेला असतो. त्याला सरळ सांगा की सावजी खायचं तर ते इकडे नाही, त्यासाठी महाल, इतवारीकडे जायचं, ते हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या वस्तीतलं खाणं आहे, तिकडच्या साध्या भोजनालयात स्टीलच्या ताटात खाण्यातच त्याचा कस आहे. धरमपेठेत मेनूकार्डावर सावजी लिहिलेलं असते, मिळतेही, वाईट नसते, पण तिखट कमी करून दिलेलं असते आणि मग पाहुणा म्हणतो की एवढं काही तिखट नाही बुवा. सावजीची आणि नागपूरची दोघांची इज्जत जाते. उद्याची दुपार त्यासाठी राखून ठेवा, आणि व्हेज खाणारा असेल तरी न्या, पाटोडी रस्सा आणि डाळकांदा आहेच की.

म्हणजे आज रात्री इथे काय जेवायचं? खरं सांगू, मोठी यादी मी देत नाही, हॉटेलं दर वर्षी बदलतात, ह्या वर्षी जिथे रांग आहे तिथे पुढल्या वर्षी मोबाइलचं शोरूम असते. कसं निवडायचं ते सांगतो. बाहेर उभ्या लोकांमध्ये म्हातारे किती आहेत ते बघा. नुसते कॉलेजचे पोट्टे असतील तर ते ठिकाण फोटोंसाठी आहे. आजी-आजोबा, सून, नातवंडं अशी अख्खी फॅमिली वाट पाहत बसली असेल तर तिथली डाळ चांगली असणार. शनिवार-रविवारी साडेआठनंतर सगळीकडे वेटिंग, म्हणून आठलाच जाऊन नाव लिहून या आणि उरलेला वेळ बाहेर फिरा, सांगितलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं परत या, नाव पुकारलं आणि तुम्ही नाहीत तर पुन्हा शेवटी टाकतात. सोमवार-मंगळवार असेल तर नावबिव काही नको. चार माणसांत तीन भाज्या पुरतात, आधीच पोहे-समोसे झालेले आहेत हे विसरू नका. आणि वेटरनं "आजचं स्पेशल" म्हटलं की ते काय आहे त्याच्या आधी केवढ्याचं आहे ते विचारा, पाहुण्यासमोर लाजू नका.

जेवण झालं की लगेच ऑटो करू नका. दहाच्या आसपास रस्ता जरा सुटा होतो, दुकानांची शटरं पडून राहिली असतात, तेव्हा लॉ कॉलेज चौकापर्यंत चालत जा. कोणाला कुल्फी, कोणाला पान. पानठेल्यावर पाहुण्यासाठी सांगताना "साधं गोड" असं स्पष्ट बोला, तिथे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटण्याचा आवाज ऐकून एखादा उत्साही पाहुणा "ते काय, मलाही द्या" म्हणतो आणि मग रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसतो.

ऑटोचं, लॉ कॉलेज चौकात भेटतो, पण मीटर नाही, बोलून घ्या, ॲपवर भाडं बघून ठेवा म्हणजे बोलताना जोर येतो. चौकातच उभं राहून विचारलं तर जास्त सांगतात, वीस-तीस पावलं पुढे अमरावती रोडवर जाऊन हात दाखवा. चार माणसं असाल तर आधी तीनच जण समोर जा, चौथा मागून येऊ द्या.